डब्यातले पक्षी

डबा आमच्याकडे आला तो भांडणं मिटवायला.

आमचा भरतकामाचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचा इतकंच, घराचाच खालचा मजला आहे तो. पुढच्या खोलीत थोरला बसतो. गिऱ्हाईक बघतो आणि भरतकामाचं मोठं मशीन चालवतो. मधल्या खोलीत सूनबाई, म्हणजे त्याची बायको, कापड बेतते, बिलं करते, माल बांधते. मागे खिडकीपाशी धाकटी नक्षी काढते. धाकटी ही माझी मुलगी, थोरल्याच्या पाठची. लग्न केलं नाही, करणार नाही म्हणाली, आणि विचारून विचारून आम्हीच दमलो. मला ठरलेली जागा नाही. उजेड असेल तिकडे खुर्ची ओढायची आणि भरून आलेल्या कापडाच्या मागचे लोंबते दोरे कापायचे, हे माझं काम.

पूर्वी धाकटीने कॉम्प्युटरवर काढलेली नक्षी पेन ड्राईव्हवरून पुढच्या खोलीत जायची. ती मागे सुधारणा करायची आणि हा पुढे जुनीच लावून बसायचा. एका हॉटेलाने नाव बदललं होतं, त्यांचे टॉवेल आम्ही जुन्या नावाने भरून दिले. सगळा गठ्ठा परत आला. त्या दिवशी दोघं भावंडं अशी भांडली की सूनबाईने मधलं दार लावून घेतलं. मग काय, दाराच्या अलीकडून पलीकडे ऐकू जावं म्हणून दोघं आणखी मोठ्याने भांडली.

सूनबाईचा एक मावसभाऊ ऑफिसांमधून कॉम्प्युटरच्या वायरी टाकत फिरतो. आम्ही त्याला वायरवालाच म्हणतो. त्याने हा डबा सुचवला. नॅस असं त्याचं खरं नाव, पण घरात ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. बुटांच्या खोक्याएवढा, काळा, तोंडावर दिव्यांची ओळ. जिन्याखाली, इंटरनेटच्या यंत्राशेजारी त्याने तो बसवला, वायर जोडली आणि आम्हाला सगळ्यांना भोवती उभं करून समजावलं. आता नक्षी कुणाच्याही कॉम्प्युटरात ठेवायची नाही, सगळी या डब्यात. तिन्ही खोल्यांतून ती दिसेल, कुणीही उघडेल, आणि जी दिसेल तीच ताजी. आत दोन डिस्क आहेत, एक मेली तरी दुसरी आहे, तेव्हा निर्धास्त राहा.

धाकटीने विचारलं की कुणी चुकून पुसलं तर. तो म्हणाला, त्यासाठी आत कचऱ्याच्या टोपलीची सोय असते, ती नंतर येऊन चालू करून देतो, आणि खरं तर बाहेरून आणखी एक डिस्क लावावी, रोजची प्रत वेगळी निघते. थोरला म्हणाला, दोन आहेत ना आत, तिसरी कशाला. बहिणीच्या घरी माल खपवायला आलाय असं वाटू नये म्हणून वायरवाला गप्प बसला. आणि त्याचं ते ‘नंतर’ काही उजाडलं नाही.

डब्याने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. पेन ड्राईव्ह निदान हातात तरी धरता यायचा. डबा कधी दिसायचा, कधी नाही. सकाळी धाकटीच्या कॉम्प्युटरवर असायचा, थोरल्याच्या कॉम्प्युटरवर नसायचा. मग ती जिन्याखाली वाकून वायर हलवायची, धावत पुढे येऊन विचारायची, आला का. हा म्हणायचा, नाही. ती परत जिन्याखाली. कधी डबा पासवर्ड मागायचा, आणि काल चाललेला पासवर्ड आज चालायचा नाही. थोरला एका बोटाने टाइप करतो. निम्मं झालं की आपण कुठवर आलो ते विसरतो, कारण पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांवर त्याचा भारी राग. आपलंच अक्षर आपल्यापासून लपवायचं म्हणजे काय, असं तो येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही विचारायचा. मधूनच डबा टीं टीं करायचा, एक दिवा नारिंगी व्हायचा. वायरवाल्याला फोन लावला की तो म्हणायचा, बंद करून चालू करा. बंद करून चालू केलं की दुपारपर्यंत ठीक.

तरी एक गोष्ट थोरल्याने लावून धरली. कुणाच्या कॉम्प्युटरात काही ठेवायचं नाही. धाकटीने दोन-चार नक्ष्या स्वतःपुरत्या वेगळ्या ठेवलेल्या त्याला दिसल्या, तेव्हा त्याने तिच्यामागे उभं राहून त्या तिला डब्यात टाकायला लावल्या. “पुन्हा टॉवेल नकोत,” एवढंच बोलला. टॉवेल म्हटलं की आमच्याकडे वाद संपतो.

अशात नाट्यगृहाचं काम आलं.

गावातलं जुनं नाट्यगृह दुरुस्त होऊन पुन्हा उघडणार होतं. तिथल्या व्यवस्थापक बाई रंगमंचाच्या पडद्याची खालची पट्टी भरून घ्यायला आल्या. गडद लाल मखमल, तिच्यावर काहीतरी हवं, पण ठरावीक वेलबुट्टी नको, म्हणाल्या. थोरला त्यांना वेलबुट्ट्यांचे नमुनेच दाखवत होता. धाकटी मागच्या खोलीतून आली आणि म्हणाली, बगळे काढू. एका टोकाला पाण्यात उभे, मग पंख उघडणारे, मग उडालेले. पडदा बाजूला सरकेल तसे एकेक उडत गेल्यासारखे दिसतील. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि थोरल्याचे नमुने मिटून ठेवले.

थोरल्याला ते लागलं.  कामं नेहमी दुकानाच्या नावावर जायची. धाकटी म्हणाली, या पडद्याच्या कोपऱ्यात माझं नाव भरायचं, बाईंना मी विचारलंय, त्या हो म्हणाल्यात. तो म्हणाला, “भर बाई. बगळे तुझे, चिखल तुझा.” ती हसली, पण त्या दिवसापासून ती वेगळीच झाली. इतकी वर्षं तिने काढलेलं सगळं खिशांवर, चादरींच्या कोपऱ्यांवर, टोप्यांवर गेलं. लोक त्याने तोंड पुसतात, त्यावर झोपतात. हे एक काम लोक बसून बघणार होते.

मशीनसाठी नक्षी करणं म्हणजे नुसतं चित्र काढणं नव्हे. प्रत्येक टाका कुठून कुठे जाणार, आडवा की तिरपा, कुठे दाट, कुठे विरळ, ते सगळं कॉम्प्युटरला सांगावं लागतं. त्याला पंचिंग म्हणतात. एकाही बगळ्याची मान दुसऱ्यासारखी नाही, असं ते काम. ती सकाळी बसायची ती जेवायला हाक मारली की ‘आले’ म्हणायची आणि यायची नाही. पाठीला उशी लावून, डोळे बारीक करून, महिनोन् महिने. आणि थोरल्याच्या नियमाप्रमाणे सगळे बगळे डब्यात. एकही तिच्या कॉम्प्युटरात नाही.

आधी एक तुकडा नमुना म्हणून भरला. पहिले काही बगळे, पाण्यात उभे असलेले. थोरल्यानेच भरला, आणि मन लावून भरला, हे मी सांगते. दोरा तुटला की तो एरवी मशीनला शिव्या देतो, त्या दिवशी मशीनशी अदबीने बोलत होता. नमुना गेला, बाईंना आवडला, पुढचं काम करा असा निरोप आला.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या ह्यांच्या वेळी नक्षी कागदावर असायची. कागदाला सुईने भोकं पाडायची, वरून पूड चोळायची, की खाली कापडावर ठिपके उमटतात. त्या कागदाला खाका म्हणतात. प्रत्येक कामाचे तीन खाके निघायचे. एक भरणाऱ्याकडे, एक कापड बेतणाऱ्याकडे, आणि मूळ ज्याने काढला त्याच्याकडे. नमुना मंजूर होऊन गेला की भरणाऱ्याने आपला खाका फाडायचा आणि खऱ्या कामाला काढणाऱ्याकडून नवा मागून घ्यायचा, म्हणजे जुन्यावरून कुणी भरत बसत नाही. ज्याचा खाका त्याने फाडायचा. दुसऱ्याच्या खाक्याला बोट लावायचं नाही. ह्यांनी हे आमच्या अंगी इतकं मुरवलं होतं की थोरला लहानपणी धाकटीची वहीसुद्धा तिला विचारून सरकवायचा.

नमुना मंजूर झाल्याचा निरोप आला त्याच्या दुसऱ्या सकाळी धाकटी कामाला बसली आणि थोड्या वेळाने पुढच्या खोलीत आली. मी तिथेच दारात दोरे कापत होते.

“दादा, डबा दिसतोय ना तुला?”

दिसतोय, तो म्हणाला. आज दिवा हिरवा आहे, पहिल्या झटक्यात आला.

“मग नाट्यगृहाचं फोल्डर कुठे गेलं?”

“माझ्यातलं मी पुसलं,” तो रीळ बदलता बदलता म्हणाला. “नमुना गेला ना. आता नवीन दे.”

“तुझ्यातलं म्हणजे?”

“म्हणजे माझ्या कॉम्प्युटरात दिसत होतं ते. तुझं तुझ्याकडे आहेच की. कालच बघितलं मी तुझ्या स्क्रीनवर.”

 धाकटीने भिंतीला हात लावला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, दादा, ते एकच आहे. तो म्हणाला, एकच कसं असेल, माझ्याकडे होतं, तुझ्याकडे होतं, हिच्याकडेही होतं, मी माझं पुसलं. ती म्हणाली, तीन खोल्यांत दिसत होतं, पण होतं एकच, डब्यात. तो म्हणाला, तेच तर, तीन खोल्यांत होतं. असं ते दोघं बराच वेळ तेच तेच बोलत राहिले, आणि प्रत्येक वेळी आपण आता नीट समजावलंय असं दोघांनाही वाटत होतं. सूनबाईने मधल्या खोलीतून आपल्या कॉम्प्युटरवर बघितलं आणि तिथेही नाही असं सांगितलं. थोरला म्हणाला, मग तू पण पुसलंस वाटतं.

“तुला माझं नाव पडद्यावर नको होतं,” धाकटी म्हणाली. “तसं सांगायचं होतंस. मी काढून टाकलं असतं नाव.”

थोरल्याच्या हातातलं रीळ खाली पडलं आणि दोरा उलगडत माझ्या खुर्चीपर्यंत आला. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हा काहीतरी फेकून मारणार. पण तो नुसता म्हणाला की मी आयुष्यात दुसऱ्याच्या खाक्याला हात लावलेला नाही, आईला विचार. तिने मला विचारलं नाही. मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

वायरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, आधी डबा बंद करा, त्यात आता काही म्हणजे काही टाकू नका, पुसलेल्याच्या जागेवर नवीन येऊन बसतं. तेव्हा सूनबाईच्या लक्षात आलं की ती सकाळपासून जुन्या बिलांचे फोटो काढून डब्यात भरत बसली होती. रिकामा वेळ मिळाला म्हणून एकदाचं उरकून टाकू, असं तिला त्याच दिवशी सुचलं.

मशीनच्या पोटात काही राहिलं असेल म्हणून तिथेही बघितलं. मशीनला चालू कामापुरतंच आठवतं. नमुन्यानंतर थोरल्याने त्यावर कुठल्याशा क्लबच्या टोप्या लावल्या होत्या, म्हणून मशीनमध्ये टोप्या निघाल्या.

वायरवाला आला. जिन्याखाली मांडी घालून बसला, डब्याचं तोंड उघडलं, आपला कॉम्प्युटर जोडला. थोरला त्याच्या डोक्यावर उभा. एका डिस्कमध्ये नाही, तर दुसरीत बघ, असं त्याने सांगितलं. दुसरीतही नाही, वायरवाला म्हणाला. असं कसं, तूच म्हणाला होतास एक गेली तरी दुसरी आहे.

“डिस्क गेली तर, भावोजी. हा आरसा आहे. तुम्ही टोपी काढली की आरशातलाही काढतो.”

“मग आरशाचे पैसे कशाला घेतलेस?”

वायरवाल्याने सूनबाईकडे बघितलं, सूनबाईने छताकडे. बिचारीची दोन्हीकडून अडचण. नवऱ्याची बाजू घ्यावी तर माहेर बुडतं, भावाची घ्यावी तर संध्याकाळचं जेवण गिळवत नाही. ती आत जाऊन चहा ठेवू लागली आणि भांडी गरजेपेक्षा जास्त वाजवू लागली. पुढे मला म्हणाली, “माझ्या माहेरचा माणूस बोलावला की असंच होतं, आई. घड्याळ दिलं होतं लग्नात, तेही मागेच चालायचं.”

वायरवाला डबा घरी घेऊन गेला. काहीतरी लावून पुसलेलं परत काढता येतं म्हणाला. आमचा जीव टांगणीला. धाकटी फोन हातातून सोडेना. शेवटी तो डबा घेऊन परत आला आणि फाइली निघाल्यात म्हणाला. धाकटी अनवाणी धावत आली. नावं निघाली होती, तिने दिलेली एकेका बगळ्याची नावं, ‘मान वाकडी’, ‘उडायच्या बेतात’, ‘म्हातारा’. ती उघडली तर आत काही नव्हतं. एकात अर्धा पंख होता आणि बाकी रेघोट्या. एकात सूनबाईचं बिल. धाकटीने सगळी नावं एकामागून एक उघडून बघितली, शेवटपर्यंत. मधेच थांब म्हणायचं मला धाडस झालं नाही.

तरीही थोरल्याला पटलेलं नव्हतं. त्याचं म्हणणं, डब्यानेच खाल्लं. मी माझं पुसलं, आणि डब्याने गोंधळ करून तिचंही पुसलं. दिवा नारिंगी व्हायचा ना, मग. येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत होता. पोस्टमनलाही सांगितलं. धाकटीला मागच्या खोलीत सगळं ऐकू जायचं.

एका दुपारी ती उठली, पुढे आली आणि त्याला म्हणाली, डबा उघड तुझ्यावर. त्याने उघडला. आता बघत राहा, हात लावू नकोस, असं सांगून ती मागे गेली. मी त्याच्या शेजारीच होते. स्क्रीनवर एकदम एक नवीन फोल्डर आलं. त्याचं नाव होतं, ‘दादा मूर्ख आहे’.

थोरल्याने ते मोठ्याने वाचलं. आतून धाकटी म्हणाली, दिसलं ना. दिसलं, तो म्हणाला, कुणी लिहिलं हे. मी माझ्या कॉम्प्युटरवर लिहिलं, ती म्हणाली, आता मी माझं पुसते. आणि त्याच्या समोरून ते गेलं. कुणी काही दाबलं नव्हतं. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

“पुन्हा कर,” तो म्हणाला.

तिने पुन्हा केलं. या वेळी तो स्क्रीनच्या अगदी जवळ गेला, जणू मागून कुणी ओढून नेतंय का ते बघायला. तिसऱ्यांदा करायला सांगितलं, तेव्हा ती तिकडून म्हणाली की मूर्ख किती वेळा लिहू. तरी तिने केलं.

तो उठला. मधली खोली ओलांडून तिच्या दारात गेला. सूनबाई कापड कापायची थांबली.

“म्हणजे मी तुझा खाका फाडला,” तो म्हणाला.

“हो.”

“मूळचा.”

“हो, दादा.”

तो परत येऊन मशीनपाशी बसला, मशीन चालू केलं नाही. टोप्यांचा ढीग तसाच पडला होता. पोस्टमन आला, त्याला त्याने काही सांगितलं नाही.

वाटलं होतं, आता धाकटीचा जीव हलका होईल. उलटंच झालं. जेवताना ती घास नुसता फिरवत बसली. मग मला म्हणाली, “आई, त्याने मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.” तिच्या अंगात राग होता आणि तो ठेवायला तिला जागा उरली नव्हती. डब्यावर काढावा तर तो लोखंडाचा. वायरवाल्यावर काढावा तर त्याने तिसरी डिस्क सांगितली होती. भावावर काढावा तर तो पांढराफटक चेहरा करून बसलेला.

तिने बगळे पुन्हा करायला घेतले. लोकांना वाटतं, एकदा केलेलं दुसऱ्यांदा लवकर होतं. ती पहिल्याच बगळ्याच्या मानेवर अडली. आठवत होती ती मान, पण हातून दुसरीच निघायची. ती पुसायची, पुन्हा करायची. नमुन्याचा तुकडा नाट्यगृहातून मागवून समोर टांगला, तर आणखी पंचाईत. ते चांगलं डोळ्यांसमोर असताना नवीन काढलेलं काही धड वाटेना. उडणारे बगळे तर नमुन्यात नव्हतेच, ते फक्त डब्यात होते.

आणि थोरला तिला बसू देईना. वायरवाल्याकडून त्याने तिसरी डिस्क आणवली, वर चौथीही. कचऱ्याची टोपली चालू करून घेतली. आता तो कॉम्प्युटरला हात लावण्याआधी तिला विचारायचा. हे उघडू का, हे बंद करू का, इथे बाण नेला तर चालेल का. ती मानेच्या वळणावर टाका टाका करत असायची आणि हा पुढून हाक मारायचा. एकदा तिने हेडफोन घातले, तर हा उठून दारात येऊन उभा राहिला. शेवटी ती म्हणाली, दादा, विचारू नकोस, टोप्या भर. तो म्हणाला, टोप्याही डब्यातच आहेत, म्हणून विचारतोय.

उद्घाटनाची तारीख जवळ आली तेव्हा निम्मेही बगळे झाले नव्हते, आणि जे झाले होते ते तिला आवडले नव्हते. थोरला म्हणाला, मी जातो बाईंकडे, माझ्यामुळे झालंय. गेलाही. इस्त्रीचा शर्ट घालून. परत आला तेव्हा त्याने सांगितलं की बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, मला कॉम्प्युटरचं काही कळत नाही, मला पडदा कळतो, आणि तारीख हलत नाही. धाकटीने विचारलं, अर्धे बगळे चालतील का असं विचारलंस का. विचारलं, तो म्हणाला, अर्धे नकोत म्हणाल्या. काम त्यांनी दुसरीकडे दिलं. साधी सोनेरी पट्टी, तयार मिळते ती, मापाने कापून शिवायची.

धाकटी ‘बरं’ म्हणाली. त्या दिवशी तिने कॉम्प्युटर लवकर बंद केला आणि माझ्याशेजारी बसून दोरे कापले. कितीतरी वर्षांनी. दोरे कापायला ती लहानपणापासून वाईट, कापड धरून कापते. तिने एका टोपीला भोक पाडलं. मी न बघितल्यासारखं केलं.

उद्घाटनाच्या दुपारच्या खेळाचे पास बाईंनी पाठवले होते. धाकटी जाणार नाही म्हणाली. सूनबाईला कपाळशूळ उठला, कारण गेली तर नणंदेला वाईट वाटणार आणि नाही गेली तर पास फुकट जाणार, आणि तिला दोन्ही सोसवत नाही. थोरला एकटाच गेला. मला वाटलं नव्हतं तो जाईल.

तो परत आला तेव्हा धाकटी मागच्या खोलीतच होती, खिडकीपाशी, हातात काही नाही. तो चप्पल काढून सरळ तिच्या दारात गेला. नाटक कसं होतं, मी विचारलं. त्याने हात हलवला. नाटकाचं काय विचारतेस, असा.

“पट्टी वाकडी शिवलीय,” तो तिला म्हणाला.

 ती खिडकीकडेच बघत राहिली. मग तिने विचारलं, “किती?”

“डावीकडून बोटभर. पडदा बंद असतो तेव्हा नाही कळत. सरकायला लागला की लाटेसारखी वर जाते.”

“मखमलीला ताण न देता शिवली असणार.”

“ताण सोड. जोड मधोमध आणलाय. पहिल्या रांगेतून दोरा दिसतो.”

“मधोमध?” ती वळली. “मधोमध कुणी जोड घेतं का?”

“आणि खाली अस्तर दिलं नाही. वर्षभरात गोळा होणार ती.”

तिने खुर्ची त्याच्याकडे फिरवली आणि दोरा कुठल्या रंगाचा होता ते विचारलं. त्याने सांगितलं, आणि तिने कपाळाला हात लावला. सूनबाईने मधल्या खोलीतून विचारलं की जेवायला वाढू का. दोघांनीही ऐकलं नाही. पट्टीच्या कडा कशा दुमडल्या होत्या ते तो तिच्या टेबलावरच्या कागदावर काढून दाखवत होता, आणि ती म्हणत होती, अशा नाही, तू उलटं काढतोयस, नीट बघितलंस का, की तिथेही पासवर्डचे ठिपकेच दिसले.